बाहुलीचे पालकत्व



स्मृतिव्याख्यानाचा विषय भारदस्त असावा असा एक संकेत आहे. संतवाङ्मय, मुक्तिसंग्राम, भाषिक सीमाप्रश्न हे विषय अशा व्यासपीठाला शोभतात. मी मात्र बाहुली हा विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे, आणि तीही चिनी मातीची, विलायती, जुनी बाहुली. यामागे कारण आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघापुढे एक सूचना आली आहे, ती अशी की, संघाच्या निधीतून एखाद्या संग्रहालयातील एका जुन्या पोर्सेलिन बाहुलीच्या जतनाचा खर्च उचलावा, तिचे पालकत्व शाळेच्या नावाने घ्यावे. सूचना निघताच आक्षेपही निघाला. वर्गांचे छप्पर पावसाळ्यात गळते, प्रयोगशाळेत काचसामान पुरत नाही, मराठी वर्गांचा पट राखता राखता शिक्षक मेटाकुटीला येतात, आणि आपण बाहुलीवर पैसे घालणार? हा आक्षेप रास्त आहे. तो खोडून काढावा असा माझा हेतू नाही. इतिहासाकडे त्याचे काही उत्तर आहे काय, एवढेच पाहावयाचे आहे.

आरंभी शब्दाविषयी दोन शब्द, कारण आयुष्यभर भाषा शिकविलेल्या माणसाला त्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठीत खेळण्यातली ती बाहुली आणि डोळ्यातली तीही बाहुलीच. संस्कृतात डोळ्याच्या बाहुलीला ‘कनीनिका’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी लहान मुलगी आहे. लॅटिन भाषेतील ‘पुपिला’ या शब्दाचीही तीच कथा. समोरच्या माणसाच्या डोळ्यात आपलेच इवले प्रतिबिंब दिसते, म्हणून ही नावे पडली. आपल्या सीमाभागात घरात ‘बाहुली’ आणि अंगणात ‘गोंबे’ असे दोन शब्द एकाच मुलीच्या तोंडी असतात, आणि तिला त्यांत काही विसंगत वाटत नाही. खेळण्याविषयी बोलणे हे पंडिताला कमीपणाचे आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांना मी बसवकल्याणची आठवण करून देईन. आज बिदर जिल्ह्यात असलेल्या या राजधानीत, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. जुन्या मराठीच्या काही ओळी त्यात सापडतात म्हणून आम्ही मराठीचे अध्यापक त्याचे नाव वारंवार घेतो. परंतु त्या ग्रंथाच्या पाच विंशतींपैकी शेवटची ‘क्रीडाविंशती’ आहे, याकडे आमचे क्वचितच लक्ष जाते. राजाने राज्यकारभाराइतकेच खेळालाही प्रकरणे दिली.

आता बाहुलीकडे वळू. पोर्सेलिन म्हणजे केओलिन ही पांढरी माती, तिच्यात फेल्डस्पार आणि गार मिसळून, सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत भाजलेले भांडे किंवा मूर्ती. केओलिन हे नावच चीनमधील जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या टेकडीवरून आले. युरोपला ही विद्या फार उशिरा साधली. सॅक्सनीत मायसेनचा कारखाना १७१० साली सुरू झाला तेव्हा कुठे चिनी मक्तेदारी मोडली. बाहुलीचे डोके पोर्सेलिनचे करण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत रुजली. प्रथम झिलई दिलेली, चकचकीत, रंगवलेल्या केसांची डोकी निघाली. पुढे झिलई न देता मंद, मानवी कातडीच्या छटेची डोकी होऊ लागली. तिला ‘बिस्क’ म्हणतात. काचेचे डोळे आणि मोहेर लोकरीचा टोप ही नंतरची हौस. धड मात्र पोर्सेलिनचे क्वचितच असे. ते मऊ चामड्याचे, कापडाचे किंवा लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याचे असे. थुरिंगियातील सोनेबर्ग आणि त्याच्या परिसरातील खेड्यांत घरोघरी हा धंदा चाले. बाहुलीच्या मानेमागे, केसांच्या खाली, साच्याचा क्रमांक व देशाचे नाव कोरलेले असते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, तेव्हापासून हे शिक्के सर्रास दिसू लागतात, आणि आज बाहुलीचे वय ठरविताना त्यांचाच आधार घेतात. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला आणि ती जागा जपानने घेतली. आपल्याकडच्या वाड्यांतील काचेच्या कपाटांत ज्या बाहुल्या बसून असत, त्यांतल्या काही जर्मन आणि पुष्कळशा जपानी, परंतु घरात त्या सर्वांना एकच नाव होते : विलायती बाहुली.

म्हणजे ही बाहुली परकी ठरली. तिची माती मात्र आपल्याला परकी नाही, आणि हा मुद्दा मला आज विशेष मांडावयाचा आहे. बिदरच्या पश्चिमेस तेर, आग्नेयेस कोंडापूर. ही दोन्ही गावे सातवाहनकाळी, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, भरभराटीची नगरे होती, आणि दोन्ही ठिकाणी केओलिनच्या बाहुल्या सापडल्या आहेत. बोटभर, वीतभर उंचीच्या, पांढुरक्या, केशभूषा नाजूक कोरलेल्या. त्यांची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्या साच्यात दाबून दोन्ही अर्ध्या एकमेकींना जोडीत, त्यामुळे मूर्ती आतून पोकळ व हलकी होई. जर्मन बाहुलीचे डोकेही दोन भागांच्या साच्यातूनच निघे. आपल्या कारागिरांची भट्टी तेवढी तापत नव्हती म्हणून त्यांची माती पोर्सेलिन झाली नाही, सच्छिद्र राहिली. परंतु पांढऱ्या मातीची सुबक बाहुली दोन साच्यांतून काढावी ही कल्पना सोनेबर्गच्या आधी सतराशे-अठराशे वर्षे तेरणेच्या काठी प्रत्यक्षात होती. त्यांतल्या कोणत्या बाहुल्या मुलांच्या आणि कोणत्या देव्हाऱ्यातल्या, याविषयी विद्वानांत एकमत नाही. मला स्वतःला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. आपल्याकडे देव आणि खेळणे यांच्यात भिंत कधीच उभी नव्हती.

तेर म्हटले की मराठी मनाला गोरोबाकाका आठवतात, आणि चिखल तुडविताना पायाखाली आलेले ते मूल आठवते. त्याच गावी विसाव्या शतकात रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ झाले. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात. पावसाळा सरला की पांढरीवरची माती धुऊन जाते आणि मणी, नाणी, खापरे, बाहुल्यांची मुंडकी वर येतात. गावोगावी पोरे ती वेचतात, चार दिवस खेळतात आणि टाकून देतात. लामतुऱ्यांनी ती वेचून ठेवली. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिले होते, हेन्री कझिन्स यांनी तेथील त्रिविक्रम मंदिराचा मूळ बौद्ध चैत्य ओळखला होता. म्हणजे विद्वानांना तेर ठाऊक होते. परंतु विद्वान येतात आणि जातात, पांढरी दर पावसाळ्यात धुपते. ती धुपताना तेथे हजर असलेला माणूस लामतुरे होता. त्यांच्या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आली. इटलीत पाँपेई येथे १९३८ साली हस्तिदंताची जी भारतीय स्त्रीमूर्ती उत्खननात मिळाली, आणि जी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तिच्याशी या मूर्तीचे साम्य अभ्यासकांनी दाखविले. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेली ती मूर्ती दख्खनमधून गेली असावी, या तर्काला बळ मिळाले ते तेरच्या एका घरात ही दुसरी मूर्ती जपून ठेवली गेली म्हणून. ब्रिटिश म्युझियममधील डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे आला आणि तेरला लामतुऱ्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

कोंडापूरचे तसे नाही. तेथे सरकार प्रथमपासून होते. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले, गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. बिदरवरचा १९४७ चा त्यांचा ग्रंथ आजही आपल्या जिल्ह्याविषयी बोलताना बाजूला सारता येत नाही. १९४० च्या सुमारास त्यांनी कोंडापूरला उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात छापला. उर्दू दरबाराचा अधिकारी, आजच्या तेलंगणातील गावाविषयी, इंग्रजीत लिहितो आणि ते छापते पुणे. संस्थानी काळातील विद्येचा व्यवहार असा मोकळा होता.

त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूर राज्यात आले. बिदर जिल्हा तिघांत वाटला गेला : मुख्य भाग म्हैसुरात, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात, जहिराबाद व नारायणखेड आंध्रात. उस्मानाबादेबरोबर तेर मुंबई राज्यात गेले. आपल्या या पट्ट्यातील मातीच्या बाहुल्या अशा रीतीने तीन राज्यांच्या तीन खात्यांच्या नोंदवह्यांत विभागल्या गेल्या. आज बिदर वा कलबुर्गीच्या विद्यार्थ्याला आपल्याच भूमीतील सातवाहन बाहुली पाहावयाची तर शेजारच्या राज्यात जावे लागते. याबद्दल रोष धरण्याचे कारण नाही. आपली शाळा कर्नाटकात राहून मराठी शिकविते, तेव्हा वस्तू एकीकडे आणि माणसे दुसरीकडे ही स्थिती आपल्याला नवी नाही. परंतु ‘ते आपले संग्रहालय नव्हे, मग आपण पैसे का द्यावे’ असा जो एक सूर संघाच्या चर्चेत निघाला, त्याला १९५६ ची ही वाटणी हेच उत्तर आहे. आपली वस्तू जेथे आहे तेथे जाऊनच सांभाळावी लागेल.

हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. दुपारच्या घड्याळापुढची गर्दी आणि बुरखा घेतलेली रिबेका यांच्या आठवणी घेऊन लोक परततात. मुलांच्या दालनातील खेळणी आणि बाहुल्या पाहण्यास त्यांच्यापाशी वेळ उरत नाही. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान १९१२ मध्ये निजामाचे दिवाण झाले, दोन वर्षांत त्या पदावरून दूर झाले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी वस्तू जमविण्यात घालविले. ड्रेस्डेन आणि सेव्ह्रची पोर्सेलिनची दालने त्या हौसेची साक्ष देतात. हा पैसा कोठून आला? जहागिरींतून. त्यांत कोप्पळही होते. कोप्पळच्या रयतेने ज्वारी पिकवून भरलेला सारा युरोपच्या काचेच्या आणि मातीच्या वस्तूंत रूपांतरित झाला, असे म्हटले तर ते कटू असले तरी खोटे नाही. माझ्या दृष्टीने म्हणूनच त्या वस्तूंवर आपलाही हक्क आहे आणि त्यांचे देणेही आपल्याकडे लागते. २ मार्च १९४९ रोजी सालारजंग निपुत्रिक वारले. संग्रह लिलावात विखुरला जाणे अगदी शक्य होते. तो विखुरला नाही. जेम्स कझिन्स यांनी त्याची मांडणी केली, १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत संग्रहालय उघडले, १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले आणि १९६८ मध्ये ते मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत गेले. एका माणसाने घेतलेल्या वस्तूंच्या देखभालीसाठी संसदेला कायदा करावा लागला. खरेदी सालारजंगांच्या हयातीत आटोपली. देखभालीचा खर्च तेव्हापासून आजतागायत चालू आहे आणि तो संपणारा नाही.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांपाशी जहागीर नव्हती, चष्म्यांचे दुकान होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला : दिवे, अडकित्ते, कुलपे, फण्या, वाद्ये, बाहुल्या, खेळणी. राजेरजवाड्यांच्या तलवारींमागे सगळे असताना हा गृहस्थ खेडोपाडी हिंडून बायकांच्या वापरातल्या वस्तू आणि मुलांच्या खेळातल्या वस्तू आणीत होता. पत्नी कमलाबाईंचा या उद्योगाला हातभार होता. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला, आणि संग्रहालयाला त्याचे नाव देण्यात आले. १९७५ मध्ये सुमारे वीस हजारांवर गेलेला तो संग्रह केळकरांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. स्मारकव्याख्यानाच्या व्यासपीठावरून बोलताना मला हे उदाहरण विशेष जवळचे वाटते. गेलेल्या मुलाच्या नावाने बापाने पुतळा उभारला नाही. इतर असंख्य मुलांची खेळणी राखली.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय बाहुलीची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. संग्रहालयात जी बाहुली टिकून राहते ती बहुधा कोणी न खेळलेली बाहुली असते. पोर्सेलिनची बाहुली महाग म्हणून ती काचेच्या कपाटात बसे. सणासुदीला पाहुण्यांच्या मुलांना ती लांबून दाखवीत, हात लावू देत नसत. खेळण्याची बाहुली वेगळी. ती आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची, डोळे काजळाचे, केस काळ्या दोऱ्याचे. बाहुला-बाहुलीची लग्ने लागली ती या चिंध्यांच्या बाहुल्यांची, आणि चार पावसाळ्यांत त्या चुलीत किंवा उकिरड्यावर गेल्या. मातीच्या मूर्तींची तर विसर्जन हीच रीत. आषाढातील मंगळवारची गुळ्ळव्वा, भाद्रपदात टोपलीतून घरोघरी फिरणारा जोकुमार, मण्णेत्तिन अमावास्येचे मातीचे बैल, ही सारी आपल्या परिसरातील मुलांची दैवते आणि खेळणीही. ती जन्मतात आणि पाण्यात जातात. आपल्या संस्कृतीने बाहुली जतन करण्यासाठी केलीच नव्हती, असे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे निराधार नाही. तेरच्या बाहुल्या तरी कोणी जतन केल्या? त्या हरवल्या, फुटल्या, मातीत पडून राहिल्या, म्हणून उरल्या.

या अडचणीचे तात्पर्य मी असे काढतो की, विलायती बाहुलीचा खर्च उचलताना तिच्या शेजारची रिकामी जागाही आपण पाहिली पाहिजे. ती बाहुली ज्या कपाटात होती त्या घरात दुसरी, चिंध्यांची बाहुली होती. पहिलीची नोंद करताना दुसरीविषयी विचारता येते. आज ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या ज्या भगिनी आपल्यात आहेत, त्यांना आपल्या बाहुलीचे नाव आठवते. पोर्सेलिन आणखी दोनशे वर्षे राहील. ही नावे आणखी दहा वर्षे राहतील की नाही कोण जाणे.

जतन म्हणजे नेमके काय, याविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण देणगीदाराला आपला पैसा कशावर जातो हे कळले पाहिजे. पोर्सेलिन स्वतः कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. बिदरकरांना हे सांगावयास नको. ख्वाजा महमूद गवान यांचा १४७२ चा मदरसा आपण पाहतो. १६९६ मध्ये वीज पडून व दारूचा स्फोट होऊन त्याचा मोठा भाग ढासळला, परंतु ज्या रंगीत झिलईच्या फरशा आज भिंतीवर आहेत त्यांचा निळा रंग पाचशे वर्षांनंतरही निळा आहे. जेथे त्या गेल्या तेथे झिलई खराब झाली म्हणून गेल्या नाहीत. मागची भिंत ओलावली, क्षार बाहेर आले आणि त्यांनी फरशीला पुढे ढकलले. बाहुलीचेही तसेच. चेहरा शाबूत राहतो, मागचे सगळे जाते. सरस आणि भुशाचे धड उन्हाळ्याच्या कोरडेपणाने आणि पावसाळ्याच्या दमटपणाने आळीपाळीने आकसते आणि फुगते, शेवटी तडकते. सरस किडीला आवडतो. हातपाय धडाशी बांधणारी रबराची दोरी काही वर्षांत ठिसूळ होते आणि एके दिवशी पाय आपोआप गळून पडतो. टोपाला कसर लागते. झग्याचे रेशीम तर फार वाईट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेशीम भारदस्त दिसावे म्हणून कारखानदार त्यात धातूंचे क्षार भरीत. त्या क्षारांनी धागा आतून जळतो आणि घडीवर चिरतो. हे रेशीम पुन्हा जोडता येत नाही, फक्त आधार देता येतो.

उपाय साधे, पण नित्याचे आहेत. कापडावर पडणारा प्रकाश ५० लक्सच्या आत ठेवावयाचा. हवेतील दमटपणा फार वरखाली होऊ द्यावयाचा नाही. आम्लरहित कागद, आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी. उघडझाप करणाऱ्या डोळ्यांच्या बाहुलीचे डोळे आत एका वजनाने लोंबत असतात. तिला पाठीवर निजविले तर ते वजन सुटून डोळे डोक्यात पडण्याचे भय असते, म्हणून तिला पालथी निजवावी लागते. फुटलेला भाग जोडण्यासाठी पूर्वी सरस, लाख, पुढे बाजारी चिकटपट्टी आणि पिवळे पडणारे गोंद वापरले गेले. आज ॲसिटोनमध्ये विरघळणारा, आणि म्हणूनच पुढे केव्हाही सोडविता येणारा, पॅरालॉइड नावाचा ॲक्रिलिक चिकटद्रव वापरतात. आपण केलेली दुरुस्ती पुढच्या पिढीला उलगडता आली पाहिजे, हा या शास्त्राचा नियम आहे. संपादनकार्य करणाऱ्या मजसारख्याला हा नियम फार भावला. पोथीचा पाठ दुरुस्त करताना मूळ पाठ तळटीपेत ठेवावा, तोच हा विवेक. आपल्या आज्या रेशमी वस्त्रांत वेखंड आणि कडुलिंबाचा पाला घालीत, सुती कापडात गुंडाळीत आणि वर्षातून एकदा सावलीत वारा देत. त्यांचे तंत्र या शास्त्रापासून फार दूर नव्हते. फरक इतकाच की, आजी नित्यनेमाने पेटी उघडी. कार्यालयाच्या कोठारातील पेटी उघडण्यासाठी कोणाचा तरी पगार, कोणाची तरी तारीख आणि कोणाची तरी सही लागते. पालकत्वाचा पैसा जातो तो या तीन गोष्टींवर.

अशा कामाला पैसे देण्याची रीत परदेशी आहे, असा एक समज आहे. पश्चिमेकडील ग्रंथालये आणि संग्रहालये एखादे पुस्तक किंवा एखादी वस्तू दात्याला ‘दत्तक’ देतात, ते पाहून तो झाला असावा. वस्तुतः कलबुर्गी जिल्ह्याला या बाबतीत कोणाकडून शिकण्याची गरज नाही. चित्तापूरजवळच्या नागावी येथे अकराव्या शतकात घटिकास्थान, म्हणजे त्या काळाचे विद्यापीठ, होते. तेथील १०५८ चा शिलालेख हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वेदाचे दोनशे विद्यार्थी, त्यांचे आचार्य, त्यांच्या भोजनाची व्यवस्था हे सर्व आहेच. आणि त्याच दानात सहा ‘सरस्वतीभांडारिक’ नेमले आहेत. सरस्वतीचे भांडार, म्हणजे ग्रंथसंग्रह, सांभाळणारे सहा जण. ग्रंथ विकत घेण्यासाठी दान सगळेच देतात. ग्रंथ सांभाळणाऱ्या माणसांच्या निर्वाहाची सोय करणारा दाता विरळा, आणि तो आपल्या जिल्ह्यात साडेनऊशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्या काळातील कन्नड शिलालेखांत ‘खंडस्फुटित जीर्णोद्धार’ हे शब्द पुनःपुन्हा येतात. देवळाचे जे तुटेल, जे फुटेल, ते दुरुस्त करण्यासाठी इतकी जमीन. देऊळ उभे राहत असतानाच ते पुढे तुटणार हे दात्याने गृहीत धरलेले असे. नंदादीपाच्या दानाचेही तेच. दिवा एकदा देऊन भागत नाही, तेल रोज लागते. नव्या वास्तूला संगमरवरी पाटी लावून मोकळे होणाऱ्या आपल्या काळापेक्षा ही दृष्टी मला प्रौढ वाटते.

आधुनिक काळातील उदाहरण हवे असल्यास मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे देता येईल. १८७२ मध्ये उघडलेले, १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव मिळालेले हे संग्रहालय विसाव्या शतकाच्या अखेरीस अतिशय जीर्ण झाले होते. नाना जातिजमातींची माणसे त्यांच्या पेहरावासह दाखविणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती, म्हणजे एका अर्थी मुंबईच्या बाहुल्याच, तेथे आहेत. २००३ मध्ये महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, इमारतीच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. पालिकेची वास्तू, तज्ज्ञांचे हात आणि खाजगी पैसा, अशी ही त्रिवेणी. केंद्र सरकारने १९९६ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक निधी स्थापन केला तोही याच विचाराने. दात्याला त्यात विशिष्ट कामासाठी रक्कम देता येते. अर्थात आपला निधी बजाज प्रतिष्ठानाचा नव्हे. म्हणूनच मला बाहुलीची निवड योग्य वाटते. मदरसा आपल्या आवाक्यातला नाही, किल्ला नाही. एका पेटीत मावणारी वस्तू आवाक्यातली आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन बाहुल्यांनी ही मर्यादा ओलांडली आहे, आणि जपानी बाहुल्यांपैकी पहिल्या आता ती ओलांडीत आहेत. म्हणजे ज्या वस्तू कालपर्यंत अडगळ होत्या त्या आपल्या डोळ्यांदेखत इतिहासात प्रवेश करीत आहेत, आणि नेमक्या याच वेळी वाडे पडत आहेत व भंगारवाला दारात उभा आहे.

छपराच्या आक्षेपाकडे परत येतो. छपराचा पैसा बाहुलीवर जाऊ नये, हे निःसंशय. संघाने त्यासाठी वेगळी, लहान ठेव ठेवावी, मुद्दलाला हात लावू नये, व्याजातून जे होईल ते करावे. नागावीच्या दात्यानेही विद्यार्थ्यांचे अन्न काढून भांडारिकांना दिले नव्हते. दोघांनाही एकाच लेखात बसविले होते. संघाच्या पुढील सभेपुढे ठेवावयाच्या ठरावात चार कलमे असावीत असे मी सुचवितो. बाहुली अशी निवडावी की जिचे मूळ घर ठाऊक आहे, आणि ते शक्यतो या दोन जिल्ह्यांतील आहे. रकमेचा उपयोग पेटी, कागद, तज्ज्ञाची तपासणी आणि दुरुस्ती यांवरच व्हावा. नामफलकावर होऊ नये. तिच्या नोंदपत्रकावर कारखाना व साचा यांबरोबरच ती कोणी आणली, कोठे बसत असे, तिला घरात काय म्हणत आणि त्या घरातील मुली प्रत्यक्षात कोणत्या बाहुलीशी खेळत, हे मराठीत आणि कन्नडात लिहून घ्यावे, आणि हे काम दहावीच्या विद्यार्थ्यांनी करावे. शेवटचे कलम असे की, वर्षातून एकदा संघाच्या दोन सभासदांनी स्वखर्चाने जाऊन, पेटी आपल्यासमोर उघडवून, बाहुली पाहून यावे आणि काय दिसले ते संघाच्या वार्षिक अहवालात लिहावे. त्या दोघांपैकी एकजण शिवणकाम जाणणारा असावा, म्हणजे रेशमाची नवी चीर त्याच्या ध्यानात येईल.